आपल्या माणसाच्या बाजूने दिलेला निकाल

मदरशाच्या वरच्या वर्गांत हनफी फिक्हचे दोन ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती येतात. पहिला बगदादच्या इमाम कुदूरी (रह.) यांचा ‘मुख्तसर’, कुदूरी हिजरी ४२८ मध्ये निवर्तले. दुसरा फरगान्याच्या बुऱ्हानुद्दीन मरगीनानी (रह.) यांचा ‘हिदाया’, त्यांचे निधन हिजरी ५९३ मधले. दोन्ही ग्रंथांत ‘अदबुल काझी’ नावाचे प्रकरण आहे. न्यायासनावर बसणाऱ्याने कसे वागावे, कोठे जावे, कोठे जाऊ नये, कोणाशी कसे बोलावे, याचे नियम त्यात दिले आहेत. नमाज, जकात, निकाह यांची प्रकरणे विद्यार्थी मन लावून वाचतात, कारण त्यांविषयीचे प्रश्न लोक रोज विचारणार हे त्यांना ठाऊक असते. ‘अदबुल काझी’ मात्र बहुधा परीक्षेपुरते वाचले जाते. आपल्यातला कोण काझी होणार आहे, अशी त्यामागची भावना असते.

त्या प्रकरणाच्या अखेरीस एक अगदी लहान नियम आहे. न्यायाधीशाने आपल्या आईवडिलांच्या, पत्नीच्या किंवा अपत्याच्या बाजूने दिलेला निकाल बातिल आहे. येथे शब्द नीट पाहावा. असा निकाल अनुचित आहे एवढेच फुकहा म्हणत नाहीत. तो मुळात दिलाच गेला नाही असे ते मानतात. साक्षीपुरावे स्पष्ट असतील, वडिलांचा हक्क खरोखरच बुडाला असेल, निकालात एका अक्षराची चूक नसेल, तरीही. हिदायाकार लगेच पुढे सांगतात की हाच न्यायाधीश आपल्या वडिलांच्या किंवा मुलाच्या विरुद्ध निकाल देत असेल, तर तो चालेल. कारण तेथे ‘तोहमत’ नाही, म्हणजे संशयाला जागा नाही. आणि मग ते आणखी एक गोष्ट जोडतात, जी या लेखाचे खरे कारण आहे: शासनाने नेमलेला काझी आणि दोन पक्षांनी आपखुशीने मानलेला पंच, हे दोघेही या बाबतीत सारखेच.

म्हणजे हा नियम जुन्या काळच्या बगदादपुरता उरत नाही. वाचकहो, तो तुमच्या मोहल्ल्यातल्या पंचाला लागू आहे. मशिदीचा मुतवल्ली, जमातीचा सदर, शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष, आणि ज्याच्याकडे लोक भांडण घेऊन येतात तो इमाम, म्हणजे मीसुद्धा, या नियमाच्या आशयाबाहेर नाही.

नेतृत्वाविषयी बोलताना आपल्याला निर्भयतेच्या कथा आवडतात. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना रामशास्त्री प्रभुणे ठाऊक असतात. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा सत्तेवर असलेल्या राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारे ते न्यायाधीश. मराठीत ‘निःस्पृह’ हा शब्द उच्चारला की त्यांचेच नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कथेत अन्याय करणारा पलीकडे उभा आहे आणि न्यायाधीश अलीकडे. कोणाची बाजू घ्यायची हे ऐकणाऱ्याला विचार करण्याआधीच कळते. आपल्या वाट्याला येणारे प्रसंग बहुतेक निराळे असतात. तेथे समोर कोणी जुलमी पेशवा नसतो. समोर आपला मेहुणा असतो, आपण पूर्वी घेतलेला निर्णय असतो, आपला झालेला अपमान असतो. तेथे धैर्य दाखवायचे ते स्वतःविरुद्ध. त्याची कथा होत नाही, कारण ते धैर्य बहुधा न केलेल्या कृतीत असते: एका खुर्चीवर न बसण्यात, एक शिक्षा पुरेपूर वसूल न करण्यात, एक मत वेळेआधी न देण्यात.

अशा न केलेल्या कृती शोधायच्या तर नागपूरकरांना फार दूर जावे लागत नाही. सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाची घुमटाची इमारत आपण सर्वांनी पाहिली आहे. १९४० मध्ये ती खुली झाली तेव्हा तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ नव्हते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे स्वतंत्र नागपूर उच्च न्यायालय होते. त्या न्यायालयात वकील, मग महाधिवक्ता, मग न्यायाधीश आणि शेवटी मुख्य न्यायाधीश असा ज्यांचा प्रवास झाला, ते मोहम्मद हिदायतुल्ला. जन्म लखनौचा, १७ डिसेंबर १९०५. वडील हाफिज विलायतुल्ला सरकारी अधिकारी आणि उर्दूचे कवी. शालेय शिक्षण रायपूरला झाले आणि १९२२ ते १९२६ ही चार वर्षे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्थेत गेली. केंब्रिज आणि लिंकन्स इन करून १९३० मध्ये ते परतले आणि नागपुरातच वकिली सुरू केली. येथील विधी महाविद्यालयात त्यांनी काही वर्षे शिकवलेही. १९४६ मध्ये न्यायाधीश, डिसेंबर १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय संपले तेव्हा ते मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदावर जबलपूरला गेले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान.

येथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते. हिदायतुल्ला आलिम नव्हते. मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाचे त्यांनी संपादन केले. पण तो कोर्टकचेरीचा ग्रंथ आहे, आपल्या फतव्यांचा नव्हे. त्यांचे खासगी आयुष्य मी दीनचा नमुना म्हणून मांडत नाही आणि ते तपासणे हे आपले कामही नाही. पाहायचे आहे ते न्यायासनावरचे वागणे. ‘हिदाया’ आणि ‘हिदायतुल्ला’ या नावांतील साम्य हा योगायोगच. पण जो नियम आपण वर पाहिला त्याचा आशय या गृहस्थांच्या एका कृतीत जितका स्वच्छ दिसतो तितका मला अलीकडच्या काळात क्वचितच दिसला.

प्रसंग १९६९ सालचा. ३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपतिपदाचे काम पाहू लागले. पुढे गिरींना स्वतःच निवडणूक लढवायची होती, म्हणून २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही पदे एकाच वेळी रिकामी झाली तर काय, यासाठी संसदेने त्याच मे महिन्यात कायदा केला होता: अशा वेळी सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचे काम पाहावे. त्यानुसार २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात हिदायतुल्ला भारताचे कार्यवाहू राष्ट्रपती होते.

याच दिवसांत देश एका मोठ्या निर्णयाने ढवळून निघाला होता. १९ जुलैला, म्हणजे राजीनाम्याच्या आदल्या दिवशी, गिरींच्या सहीने चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला होता. त्याच्या जागी संसदेने कायदा केला आणि ९ ऑगस्टला त्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. संमतीची सही कार्यवाहू राष्ट्रपती हिदायतुल्लांची. पंधरा दिवसांनी गिरी निवडून येऊन राष्ट्रपती झाले आणि हिदायतुल्ला आपल्या जुन्या खुर्चीवर, सरन्यायाधीशाच्या आसनावर परतले. तो बँकांचा कायदा तोवर न्यायालयात आव्हान दिलेला होता.

खटला स्वतंत्र भारतातील सर्वांत गाजलेल्या खटल्यांपैकी एक ठरणार हे उघड होते. सुनावणीसाठी अकरा न्यायमूर्तींचे पीठ बसले. अध्यक्षस्थानी न्या. जे. सी. शाह होते. सरन्यायाधीश त्या पीठावर नव्हते. १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा रद्द ठरला, आणि त्या ऐतिहासिक निकालपत्रावर देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशाचे नाव नाही.

कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? सही केली होती, म्हणून बसले नाहीत. पण थोडे थांबून विचार करावा. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतात. ती सही म्हणजे कायदा चांगला आहे अशी ग्वाही नव्हे. हिदायतुल्लांना म्हणता आले असते की ती सही पदाची होती, माझी नव्हती. कायद्याच्या वैधतेवर मी कधी मत दिलेच नाही. आणि एवढ्या मोठ्या खटल्यात सरन्यायाधीशानेच बाजूला राहणे न्यायालयाला शोभत नाही. यातला एकही युक्तिवाद खोटा ठरला नसता. माणूस स्वतःला खुर्चीवर बसवण्यासाठी जी कारणे शोधतो ती बहुधा खोटी नसतातच, आणि म्हणूनच ती ओळखणे कठीण असते. फुकहांनी ‘तोहमत’ हा निकष धरला तो याच कारणाने. काझीचे मन शुद्ध आहे की नाही, हा प्रश्न ते विचारत नाहीत. मनाचा हिशेब अल्लाहकडे आहे. ते एवढेच विचारतात की हरलेला पक्ष घरी जाताना काय म्हणेल.

बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एतेकाफमध्ये होते. रात्री उम्मुल मोमिनीन हजरत सफिय्या (रजि.) भेटीस आल्या आणि परत निघाल्या, तेव्हा आप (स.) त्यांना सोडण्यासाठी थोडे चालत गेले. वाटेत दोन अन्सारी दिसले आणि ते पावले भराभर उचलू लागले. आप (स.) यांनी त्यांना थांबवून सांगितले की ही सफिय्या आहे. दोघे गहिवरले: आम्ही आपल्याविषयी शंका घेऊ का? उत्तराचा आशय असा की सैतान माणसाच्या रक्तातून फिरतो, त्याने तुमच्या मनात काही टाकू नये म्हणून सांगितले. ज्यांच्या पावित्र्याची साक्ष वहीने दिली त्यांनी रात्रीच्या अंधारात दोन सामान्य माणसांना खुलासा दिला. आणि आपल्याकडे मशिदीच्या दुकानाचे भाडे कोणी विचारले तर ‘माझ्यावर भरवसा नाही का?’ हा प्रश्न उत्तर म्हणून फेकला जातो! वक्फच्या मालमत्तेचा हिशेब मुतवल्लीने दरवर्षी वक्फ मंडळाला सादर करणे कायद्यानेही बंधनकारक आहे. तो कागद मशिदीच्या फलकावर लावायला कोणाची मनाई आहे?

आता दुसरी कृती. ती मला पहिलीहून अधिक कठीण वाटते, कारण तिच्यात अपमान आहे.

१९६७ च्या नोव्हेंबरात केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांनी एका पत्रकार परिषदेत न्यायव्यवस्थेवर जहरी टीका केली. न्यायाधीश वर्गीय द्वेषाने चालतात, गरीब आणि श्रीमंत समोर आले की कल श्रीमंताकडे जातो, असा तिचा रोख होता. केरळ उच्च न्यायालयाने त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरून एक हजार रुपये दंड केला. अपील सर्वोच्च न्यायालयात आले. ३१ जुलै १९७० च्या निकालपत्राचे लेखक सरन्यायाधीश हिदायतुल्ला होते.

आरोप ज्यांच्यावर होता त्याच वर्गातले न्यायाधीश निकाल देणार होते. येथे बाजूला होण्याचा मार्गही नव्हता, कारण आरोप साऱ्याच न्यायाधीशांवर होता. हिदायतुल्लांनी काय केले? नंबुद्रीपादांनी मार्क्स आणि एंगेल्सचा आधार घेतला होता, म्हणून निकालपत्रात त्या विचारवंतांचे म्हणणे तपासून पाहिले आणि नंबुद्रीपादांनी ते नीट समजून घेतलेले नाही असा निष्कर्ष काढला. दोष कायम ठेवला. आणि दंड एक हजारावरून पन्नास रुपयांवर आणला.

या दोन गोष्टी एकत्र का आल्या, याकडे लक्ष द्यावे. संस्थेचा मान ही अमानत आहे. तिच्यावरील हल्ला ‘जाऊ द्या’ म्हणून माफ करण्याचा अधिकार त्या खुर्चीवरील माणसाला नसतो. म्हणून दोष कायम. पण त्या हल्ल्याने त्याच्या स्वतःच्या मनाला झालेली जखम शिक्षेत मिसळण्याचा अधिकारही त्याला नसतो. म्हणून पन्नास रुपये. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) यांनी स्वतःसाठी कधी सूड घेतला नाही, अल्लाहने घालून दिलेल्या मर्यादा मोडल्या गेल्या तरच ते अल्लाहसाठी पाऊल उचलत. ही हदीस आपण अनेकदा ऐकतो आणि तिच्यातला ‘स्वतःसाठी’ हा शब्द सहज ओलांडून जातो. सारी अडचण तेथेच आहे, कारण राग आलेला माणूस ‘हा माझा अपमान आहे’ असे म्हणतच नाही. तो म्हणतो, हा मशिदीचा अपमान आहे, जमातीचा आहे, दीनचा आहे.

हजरत अबू बकरा (रजि.) या सहाबींचे पुत्र सिजिस्तानात काझी होते. (नावात गफलत होऊ नये; हे पहिले खलिफा हजरत अबू बक्र सिद्दीक (रजि.) नव्हेत.) वडिलांनी मुलाला पत्र लिहिले: रागात असताना दोघांमध्ये निकाल देऊ नकोस, असे मी प्रेषितांकडून ऐकले आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत हे आहे. फुकहांनी यावरून पुढे जाऊन भूक, तीव्र झोप, दुखणे यांचाही समावेश केला. ज्या अवस्थेत बुद्धी पूर्ण जागी नसते ती प्रत्येक अवस्था त्यांनी यात धरली. इशानंतर रात्री अकराला, दिवसभर दुकानात थकून आलेल्या पाच माणसांनी एका तरुणाला बोलावून घ्यावे आणि बाराच्या आत त्याचे ‘प्रकरण’ निकालात काढावे, हे चित्र आपल्याला अपरिचित नाही. तरुणाचा गुन्हा बहुधा एवढाच असतो की मोबाइलवरच्या गटात त्याने कमिटीविषयी दोन ओळी लिहिल्या. त्या ओळी असभ्य असतील तर त्याला तसे जरूर सांगावे. पण त्याच्या बहिणीच्या निकाहला कोणी जाऊ नये असा निरोप फिरतो, तेव्हा तेथे मशिदीचा मान कोठेच नसतो. वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अर्थात, कायदा नसता तरी त्या मुलीचा हक्क कयामतच्या दिवशी मागितला गेलाच असता.

तिसऱ्या गोष्टीविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिचा तपशील कायद्याच्या अभ्यासकांचा आहे. संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येतो का, हा प्रश्न १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे वारंवार आला. सज्जन सिंग खटल्यात हिदायतुल्लांना बहुमताच्या युक्तिवादाविषयी गंभीर शंका होती. ती त्यांनी लिहून ठेवली; पण त्या खटल्यात तो प्रश्न पुरता मांडला गेलेला नव्हता, म्हणून त्यावर निकाल दिला नाही. पुढे १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात तोच प्रश्न अकरा न्यायमूर्तींसमोर सर्व बाजूंनी मांडला गेला, तेव्हा त्यांनी आपले मत स्वतंत्रपणे, सविस्तर दिले. ते मत १९७३ मध्ये मोठ्या पीठाने तसेच ठेवले नाही, हा भाग निराळा. शंका आहे म्हणून ती लपवायची नाही, आणि शंका आहे म्हणून ऐकून घेण्याआधी निकालही द्यायचा नाही, हे संतुलन पाहण्यासारखे आहे. इमाम मालिक (रह.) यांना एकदा अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी बत्तीस प्रश्नांना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असे उत्तर दिले, अशी नोंद आहे. आज चहाच्या टपरीवर इतक्या वेळा ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला कोणी सदर निवडून देणार नाही.

हिदायतुल्लांची लोकांना अधिक आठवण असते ती संस्थानिकांच्या तनख्यांच्या खटल्यामुळे. १५ डिसेंबर १९७० रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, त्यांनी बहुमतासोबत सरकारविरुद्ध कौल दिला. ती रामशास्त्रींच्या वळणाची कथा आहे आणि ती सांगितली जावी. मला मात्र रिकामी ठेवलेली ती खुर्ची आणि ते पन्नास रुपये अधिक उपयोगी वाटतात, कारण पंतप्रधानांविरुद्ध निकाल देण्याचा प्रसंग तुमच्या-माझ्यावर येणार नाही. उरलेले दोन प्रसंग मात्र येत्या शुक्रवारीही येऊ शकतात.

सर्वांत अधिक अन्याय कोठे होतो, असे कोणी विचारले तर मी सांगेन: एकाच बाजूचे ऐकण्यात. सूरह सादमध्ये (३८:२१ ते २६) हजरत दाऊद (अ.) यांच्याकडे दोन भाऊ भिंत ओलांडून आल्याचा प्रसंग आहे. एकाकडे नव्याण्णव मेंढ्या, दुसऱ्याकडे एक. आणि ती एकही पहिला मागत होता. गाऱ्हाणे इतके हृदयद्रावक होते की ऐकताच त्यांनी दुसऱ्याला जालीम ठरवले. मग त्यांच्या ध्यानात आले की ही परीक्षा होती आणि ते सजद्यात गेले. या परीक्षेचे स्वरूप काय होते याविषयी मुफस्सिरांनी पुष्कळ लिहिले आहे; अनेकांनी हा अर्थ सांगितला आहे की दुसऱ्या पक्षाचे ऐकण्याआधी निकाल दिला गेला. हजरत अली (रजि.) तरुण असताना त्यांना काझी म्हणून यमनला पाठवले गेले, तेव्हा प्रेषितांनी दिलेली शिकवण हीच होती: पहिल्याचे जसे ऐकलेस तसे दुसऱ्याचेही ऐकल्याशिवाय निकाल देऊ नकोस.

नवरा-बायकोच्या भांडणात हे किती वेळा पाळले जाते? मुलीचा भाऊ येतो, आवाजाचे दोन संदेश ऐकवतो, आणि जावई नालायक ठरतो. किंवा सासरे येतात, डोळ्यांत पाणी आणतात, आणि सून ‘तोंडाळ’ ठरते. ज्या बाईच्या आयुष्याचा निकाल लागतो आहे ती बहुतेक वेळा बैठकीत नसतेच. तिचे म्हणणे तिच्या मामांच्या तोंडून येते. ऐकणे म्हणजे तिचे ऐकणे. ती पडद्याआडून बोलेल, दुसऱ्या बाईला सोबत घेऊन बोलेल, लिहून देईल; पण तिचे शब्द तिचे असावेत.

कुदूरी आणि हिदाया या बाबतीत इतके सूक्ष्म आहेत की वाचताना हसू यावे आणि लगेच ओशाळायला व्हावे. काझीने एका पक्षाला घरी पाहुणचारास ठेवू नये, जोवर दुसराही सोबत नाही. दोघांना बसवताना, दोघांकडे पाहताना सारखेपणा ठेवावा. एकाच्या कानात कुजबुजू नये, खूण करू नये, त्याला युक्तिवाद सुचवू नये. भेटवस्तू घेऊ नये. जवळच्या नातेवाइकाकडून, किंवा पदावर येण्याआधीपासून जो देत आला आहे त्याच्याकडून घेता येईल, तीही त्याचा खटला समोर नसेल तर. दावतीचेही तसेच. सार्वजनिक दावतीला जावे, खास दावतीला जाऊ नये. खास दावत ओळखायची कशी? काझी येणार नाही असे कळल्यावर यजमान जी दावत रद्द करील, ती खास. आपल्या शहरात दावतींना तोटा नाही, आणि कमिटीच्या निवडणुकीच्या सुमारास तर नाहीच. ही कसोटी खिशात ठेवून बिर्याणीच्या देगेसमोर जावे, किती देगा खास निघतात ते कळेल. आजाऱ्याची विचारपूस आणि जनाजा यांना मात्र काझीनेही जावे, असे हेच ग्रंथ सांगतात. न्यायाधीश म्हणजे माणसांतून उठून गेलेला माणूस नव्हे.

हे सारे वाचून कोणा माउलीला वाटेल की हा पुरुषांच्या बैठकींचा विषय आहे. तसे नाही. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीतल्यांविषयी विचारले जाईल, या हदीसमध्ये घरातल्या स्त्रीचा उल्लेख स्पष्ट आहे. आणि घरातल्या पक्षपाताचा एक प्रसंग तर थेट एका आईपासून सुरू होतो. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) लहान असताना वडिलांनी त्यांना एक देणगी दिली. आई अमरा बिन्त रवाहा यांनी आग्रह धरला की यावर प्रेषितांना साक्षी करा, तरच मी राजी. बशीर (रजि.) गेले. प्रेषितांनी (स.) एकच गोष्ट विचारली: आपल्या सर्व मुलांना असेच दिले आहेस का? उत्तर नकारार्थी आले, तेव्हा त्यांनी साक्षी होण्यास नकार दिला. बशीर यांनी घरी जाऊन देणगी परत घेतली. आईच्या त्या आग्रहामुळेच, तिला अपेक्षित होते त्याच्या उलट, घरातला न्याय जागेवर आला. थोरल्याच्या नावावर दुकान करून देताना, किंवा मुलीचा वारसा ‘तिच्या लग्नात खर्च झाला’ म्हणून बुडवताना, साक्षीदार म्हणून कोणाला बोलावता येईल याचा विचार घराघरांत व्हावा. जो साक्षीला यायला कचरेल त्यालाच बोलवावे.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. लहान वस्तीत सगळेच एकमेकांचे सोयरे असतात. मग पंच आणायचा कोठून? नियम आईवडील, पती-पत्नी, अपत्य यांच्यापुरता शब्दशः आहे. चुलतभाऊ किंवा शेजारी निकालात बसलाच तर निकाल बातिल होत नाही. तरीही संशयाची जागा तेथे असतेच, म्हणून बैठकीच्या आरंभीच प्रत्येक पंचाने आपले नाते, आपला व्यवहार, कोणाकडे उधारी असेल तर तीही, दोन्ही पक्षांसमोर सांगावी आणि त्यांना विचारावे की मी बसू का. एकानेही नको म्हटले तर कारण न विचारता उठावे. पती-पत्नीच्या वादात सूरह निसाने (४:३५) दिलेला मार्ग आहेच: एक पंच त्याच्या घरातला, एक तिच्या घरातला, येथे नाते लपवायचे नसून दोन्ही बाजूंनी सारखे ठेवायचे आहे. तेवढ्यानेही भागत नसेल तर प्रकरण दुसऱ्या मोहल्ल्याच्या जमातीकडे किंवा दारुल कजाकडे सोपवावे, आणि ज्यात गुन्हा, मारहाण किंवा मालमत्तेची कागदपत्रे आहेत ते देशाच्या न्यायालयात जाऊ द्यावे. तेथे जाणाऱ्याला जमातीचा द्रोही म्हणू नये. बैठक झाली तर तिची नोंद त्याच दिवशी लिहावी: कोण बसले, कोण उठून गेले, कोणाचे किती ऐकले, काय ठरले. तिच्या दोन प्रती दोन्ही पक्षांना द्याव्यात आणि तिसरी, सर्वांच्या सह्यांसह, मशिदीच्या दप्तरात ठेवावी.